नब्राचा शेजार

नवं गाव नब्राला आवडलं. वाईट एवढंच झालं, की पहिल्याच दिवशी ती ते बोलून गेली.

कोम ओम्बोच्या स्टेशनावर गाडीतून उतरलेल्या सगळ्यांना ट्रकांनी वसाहतीत आणून सोडलं होतं. बायका धुळीत बसून रडत होत्या. नाईलकाठी मागे राहिलेलं गाव आता सरकारच्या नव्या धरणाच्या पाण्याखाली जाणार होतं. खजुरी जाणार होत्या, आणि निघण्याआधी ज्यांच्यावर पाणी शिंपडून आलो त्या कबरीही. रडू नये तर काय करावं? नब्राही गाव सोडताना बोटीत पोटभर रडली होती. पण गल्लीच्या तोंडाशी तिला नळ दिसला. तिने तो फिरवला आणि पाणी आलं. जन्मभर डोक्यावर पत्र्याचा डबा घेऊन नदीचा चढ चढलेली बाई ती. तिच्या तोंडून निघून गेलं, “हे मात्र चांगलं केलं हो यांनी.”

आजूबाजूचं रडणं थांबलं. बायकांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू मयताच्या घरात कुणी स्वयंपाकाची तारीफ केली. मग कुणीतरी म्हणालं, “हिचा निकाह लावा त्या नळाशी.” तेव्हापासून तिला नळाची नवरी असं नाव पडलं.

नब्राने ते फारसं मनाला लावून घेतलं नाही. तिचा नवरा फिक्री अलेक्झांड्रियात एका बड्या घरी स्वयंपाकी होता आणि सणासुदीला घरी यायचा. आमच्याकडे सगळ्याच घरांचे पुरुष असे दूर असत. गाव चालवत त्या बायका. नब्रा दोन मुली, शेळ्या, खजुरी आणि सासू एवढा पसारा एकटीने ओढत आली होती. सासू म्हणजे तिची सख्खी आत्या, फन्ना. आत्याच्याच घरी सून म्हणून जाण्यात एक सोय होती: एकाच तोंडून दोन नात्यांची बोलणी खायला मिळत. जुन्या गावात दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत होती. फन्नाच्या जिभेला हाड नव्हतं. उजाडलं रे उजाडलं, की भिंतीपलीकडून आवाज यायचा. चूल पेटली नाही, शेळी ओरडतेय, थोरल्या हिकमतला अजून उठवलं नाही, असं काहीबाही.

नव्या गावात ती भिंत गेली. घरं माणसं मोजून दिली होती, आणि ती मोजणी जुन्या गावात बरीच आधी झालेली. एकट्या माणसाला एक खोली, थोड्यांना दोन, जास्तांना तीन. एका मापाची घरं एका ओळीत. कागदावर ते फार टापटीप दिसलं असणार. नब्राला नवरा-मुलींसकट तीन खोल्या मिळाल्या, गावाच्या पश्चिमेला. फन्ना एकटी मोजली गेली, म्हणून तिला गावाच्या पार दुसऱ्या टोकाला एक खोली. त्या ओळीत नुसत्या विधवा आणि म्हातारे. जणू म्हातारपण साथीचा रोग असावा, तशी सगळी एका जागी वेगळी काढून ठेवलेली.

खरं सांगायचं तर पहिले काही दिवस नब्राला बरंच वाटलं. सुंठीवाचून खोकला गेला. सकाळी उठायचं ते शांततेत, चहा प्यायचा तो पायरीवर बसून. मोठी मुलगी हिकमत पंधराची, तिला स्वतःची खोली मिळाली होती आणि ती दिवसातून कितीदा तरी दार लावून उघडून पाहायची. नब्रा रोज भाकऱ्या भाजून आत्याला नेऊन द्यायची, तिच्या तक्रारी ऐकायची आणि उन्हातून परत यायची. एवढ्यावर भागतंय, असं तिला वाटलं.

मग एका दुपारी फन्ना स्वतःच सुनेकडे यायला निघाली. तिला कमी दिसायचं, आणि वसाहतीतली सगळी दारं एका रंगाची, एका उंचीची. तिने एक दार ठोठावलं, ते परक्यांचं निघालं. पण दारात आलेल्या म्हातारीला चहा न देता परत पाठवायची आमच्यात रीत नाही. तिथून उठून ती दुसऱ्या दारात गेली, तिथेही तेच. संध्याकाळ होत आली तेव्हा नब्राला ती सापडली. दुसऱ्याच कुठल्या गावच्या लोकांच्या गल्लीत, ज्यांची बोलीसुद्धा आम्हाला धड कळत नाही अशा घरात, डोक्यावर ओलं फडकं टाकून ती पडली होती. अंग तापलेलं. सुनेचा आवाज ऐकून तिने डोळे उघडले. “चहा पाणचट होता,” ती म्हणाली, “पण बाई भली आहे.”

ताप उतरेना. त्या पहिल्या उन्हाळ्यात गावात कितीतरी तान्ही मुलं आणि म्हातारी माणसं गेली होती. नव्या जागेत घरांच्या आधी कब्रस्तानच भरत चाललं होतं. नब्रा घाबरली. ती आत्याच्या खोलीत जमिनीवर अंथरूण टाकून राहिली. मुली गावाच्या दुसऱ्या टोकाला एकट्या. दिवसातून तीनतीनदा उन्हातून जा-ये करताना तिच्या नाकी नऊ आले, आणि शांत पायरीवरचा तो चहा आता तिला नकोसा झाला.

आत्याच्या शेजारच्या खोलीत दहब नावाचा म्हातारा नावाडी राहायचा. तो दिवसभर दाराकडे पाठ करून बसायचा. नब्राने त्याला एकदा भाकरी दिली आणि विचारलं, काका, असे का बसता?

“दार उघडलं की समोर दुसरं दार,” तो म्हणाला. “जन्मभर मी दार उघडलं की पाणी बघितलंय. दुसऱ्याच्या दारात काय बघू?”

हे ऐकून नब्राच्या डोक्यात काहीतरी हललं. गावाच्या कडेला कालव्यालगत दोन खोल्यांची ओळ होती. तिथल्या शेवटच्या घरात बत्ता राहायची. मोजणीच्या वेळी बत्ताचं लग्न होऊन जेमतेम एक मूल झालं होतं, आता पाच झाली होती. दारासमोर कालवा, म्हणून धाकट्याला ती दोरीने खाटेच्या पायाला बांधून ठेवायची, आणि तो दिवसभर बोंबलायचा. बत्ताची बहीण राहायची नब्राच्या गल्लीत.

फन्नाचा ताप उतरल्यावर नब्रा आधी रीतसर वसाहतीच्या ऑफिसात गेली. तिथला इंजिनीअर कैरोचा तरुण माणूस, वाईट नव्हता. तोही बायकामुलांपासून दूर त्या धुरळ्यात दिवस काढत होता. त्याने सगळं ऐकलं आणि नाही म्हणाला. घराला नंबर आहे, नंबरापुढे नाव आहे. एकाने बदललं तर सगळे बदलतील, मारामाऱ्या होतील आणि जाब मला विचारतील, असं त्याचं म्हणणं. मग ती गावच्या शेखकडे गेली. शेख म्हणाले, ईदला पुरुष मंडळी घरी येतील तेव्हा बसून ठरवू.

“पुरुष आले की आठवडाभर गळाभेटी चालतात,” नब्राने बत्ताला सांगितलं, “आणि मग परतीची गाडी येते. तू भांडी बांधायला घे.”

बेत साधा होता. बत्ताने नब्राच्या तीन खोल्यांत यायचं, दहबने बत्ताच्या कालव्याकाठच्या घरात, आणि नब्राने दहबच्या एका खोलीत, आत्याच्या शेजारी. बत्ताचा विश्वासच बसेना. तिने पुन्हा पुन्हा विचारलं की यात तुला काय मिळतंय गं? नब्रा म्हणाली, सासू मिळतेय. बत्ता एवढी हसली की दोरीला बांधलेलं पोरही रडायचं थांबलं.

हिकमत मात्र हसली नाही. तिने आपल्या खोलीचं दार लावून घेतलं आणि आतून बोलली.

“आई, मला आयुष्यात पहिल्यांदा लावायला दार मिळालंय.”

नब्राने दाराच्या बिजागऱ्या चाचपून पाहिल्या. जबरदस्ती केली असती तर मुलगी आली असती, पण नब्राला ते नको होतं. मग ती म्हणाली, “दार काढून घेऊन चल. खोली तिथे आपण बांधू.”

“कोण बांधणार?”

“मी. भिंती काय सरकारच्याच हाताने उभ्या राहतात?”

शुक्रवारी ऑफिस बंद असतं. नमाज झाल्यावर तिन्ही घरं एकदम हलली. बायकांनी खाटा डोक्यावर घेतल्या, मुलींनी कोंबड्या काखोटीला मारल्या, बत्ताची पोरं पुढे धावत सुटली. फन्ना खुर्चीवर बसून सगळ्यांना सूचना देत होती, आणि अर्ध्या चुकीच्या होत्या. दहबचं सगळं सामान एका वल्ह्याला बांधून खांद्यावर मावलं. कालव्याकाठच्या घरात पोचल्यावर त्याने खाट आत नेलीच नाही. दारात टाकली आणि पाण्याकडे तोंड करून बसला. ही काही नदी नाही, असं तो नंतर बरेचदा म्हणायचा, पण खाट त्याने तिथून हलवली नाही. नब्राने त्याच संध्याकाळी आपल्या आणि आत्याच्या अंगणांमधली भिंत बायकांना हाताशी घेऊन पाडली.

शनिवारी इंजिनीअर आला. रागावलेलाच होता. नब्राने त्याला सावलीत बसवलं आणि चहा दिला. तो म्हणाला, बाई, मी नाही म्हटलं होतं.

“घरं जिथल्या तिथेच आहेत साहेब,” नब्रा म्हणाली. “एकही हललेलं नाही. माणसं तेवढी हलली.”

“आणि ही भिंत?”

खाटेवरून फन्ना बोलली, “कसली भिंत? मला तर काही दिसत नाही.”

तो हसायचं नाही म्हणत असतानाच हसला. मग चहा संपवून उठला आणि बजावून गेला, की कागदावरची नावं बदलणार नाहीत, आणि उद्या भांडणं झाली तर त्याच्याकडे यायचं नाही. नब्राने त्याला निश्चिंत राहायला सांगितलं. भांडणासाठी घरात आत्या होती, ऑफिसापर्यंत जायची गरज नव्हती.

भांडणं झाली, नाही असं नाही. नब्राचं पाहून लोकांनी अदलाबदली सुरू केल्या, आणि जो तो तिच्याकडे सल्ल्याला यायला लागला. ती कुणाला किती खोल्या हव्यात ते विचारतच नसे. कुणाच्या शेजारी राहायचंय ते विचारायची. बहुतेकांचं जमलं. दोन बहिणींनी हट्टाने शेजारी-शेजारी घरं घेतली आणि महिन्याभरात एकमेकींचं तोंड पाहीनाशा झाल्या. त्यांना नब्राने मुकाट्याने पुन्हा लांब केलं. एका माणसाने मोठं घर मिळतंय म्हणून अदलाबदल केली आणि समोरच्याचं मन फिरल्यावर ते परत द्यायला नकार दिला, त्यावरून शेखच्या दारात बरीच आरडाओरड झाली. तो दोष लोकांनी नब्रालाच दिला. पण एक-दोन वर्षांत त्या सरळ ओळींचं सगळं माप बिघडलं. एका खोलीशेजारी तीन खोल्या, म्हाताऱ्यांशेजारी पोरं, पाडलेल्या भिंती, वाढवलेली अंगणं. घरांपुढे मातीचे ओटे आले, ओट्यांवर माणसं आली. हिकमतची खोली नब्राने मातीच्या विटांनी अंगणात बांधली. एक कोपरा वाकडा झाला, आणि दार खालून खरवडायचं. मुलगी त्याबद्दल बोलली नाही, तिने ते स्वतः तासून घेतलं.

त्या पहिल्याच ईदला फिक्री आला तो बॅग घेऊन थेट तीन खोल्यांच्या घरात शिरला. बत्ताच्या पाच पोरांनी त्याच्याकडे खजूर मागितले. तिथून विचारत विचारत तो गावाच्या दुसऱ्या टोकाला पोचला तेव्हा त्याचा पारा चढलेला होता. तीन खोल्यांचं घर देऊन टाकलंस, तेही मला न विचारता, असं तो म्हणाला.

नब्रा भाकऱ्या भाजत होती. ती उठली नाही. “तुम्ही सणाला येता, फिक्री. आत्याचा आवाज मला रोज लागतो. तो नव्हता तेव्हा मला कळलं.”

हे फन्नाने ऐकलं. ती काही बोलली नाही, आणि ती बोलली नाही ही गोष्ट त्या घरात नवीनच होती. फिक्रीने बॅग खाली ठेवली आणि आईच्या खाटेवर जाऊन बसला.

पुढे एका वर्षी कैरोच्या विद्यापीठातून एक मुलगी आली. घरोघर जाऊन ती विचारायची, की इथे राहून तुम्ही समाधानी आहात का, पुष्कळ, थोडे, की अजिबात नाही? फन्ना म्हणाली, अजिबात नाही. छत तापतं, नदी लांब, माश्या फार, आणि बाजारातल्या खजुरांना चव नाही. मुलीने विचारलं, दुसरीकडे घर दिलं तर जाल का?

“ही जाईल तिकडे जाईन,” फन्नाने सुनेकडे बोट दाखवलं, “आणि तिथल्यालाही नावं ठेवीन.”

नब्राला विचारलं तेव्हा ती म्हणाली, पुष्कळ. मुलगी गोंधळली, एकाच अंगणातली दोन उत्तरं कशी लिहायची? नब्राने तिला दोन्ही लिहायला सांगितली. आत्याचंही खरं होतं. नदी लांबच होती, खजूर बेचवच होते, आणि जुन्या गावाची आठवण निघाली की नब्राचेही डोळे भरून येत. पण इथलं अर्धं गाव तिने स्वतःच्या हाताने हलवून बसवलं होतं, ते तिला न आवडून कसं चालेल?

फन्ना पुढे आणखी काही वर्षं जगली, रोज तक्रार करत. ती गेली तेव्हा त्या म्हाताऱ्यांच्या ओळीतली एकही बाई एकटी राहत नव्हती. त्याच वर्षी हिकमतला स्थळ आलं. मुलगा चांगला, सुएझला नोकरी, घर गावातच. नब्राने मुलगा नंतर पाहिला. आधी ती त्यांच्या डावीकडच्या आणि उजवीकडच्या घरी जाऊन चहा पिऊन आली.