हात लावू का?

पेशंटसमोर उभे राहिले की डॉक्टरसाहेब दोन्ही हात पाठीमागे बांधायचे आणि विचारायचे, "हात लावू का?" खोकल्याचा म्हातारा असो, बाळंतीण असो, नाहीतर सरपंचाचा मुलगा असो. समोरचा हो म्हणेपर्यंत हात पाठीमागेच.

तुम्हीही पुष्कळ डॉक्टर पाहिले असतील. असा पाहिलाय का? मी तरी तोवर पाहिला नव्हता. मी सौंसरच्या सरकारी दवाखान्यात नर्स होते. माहेर पांढुर्ण्याचं, स्वभाव तिखट. मी आधी पेशंटचं मनगट धरायची आणि नाव मागून विचारायची. बाहेर सडकेपर्यंत रांग लागलेली आणि आमचे साहेब एकेकाची परवानगी मागत बसलेले! एकदा एक म्हातारी वैतागली. "आवो, दुखून राहिलं म्हनून तं आली ना मी! आता हात नाई लावसान तं काय पाय लावसान?" सगळी रांग हसली. साहेबही हसले. पण तिनं "लाव रे बाबा" म्हटल्यावरच त्यांनी तिच्या पोटाला हात लावला.

मी कुरकुरले की त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "सिस्टर, जरा ब्रेक लावा." मला वाटायचं, कुठल्यातरी मोठ्या कॉलेजातून हे खूळ घेऊन आले असतील. बायकोलाही विचारूनच चहा मागत असतील, असं आम्ही नर्सेस आपसात म्हणायचो.

त्या पावसाळ्यात हैजा, म्हणजे कॉलरा, पसरला. रामाकोन्याकडच्या गावांतून बैलगाड्या भरभरून पेशंट यायला लागले. खाटा संपल्या, व्हरांड्यात सतरंज्या अंथरल्या, खिडक्यांच्या गजांना सलाईनच्या बाटल्या टांगल्या. फिनाईलचा वास आमच्या केसांतून जाईना. एका गावातून मात्र कोणीच येत नव्हतं. आम्हाला आधी बरं वाटलं. मग शेजारच्या गावचा एक माणूस म्हणाला, "तिथं रोज मयत होऊन राहिली, बाई. पन थे येनार नाई."

साहेबांनी लगेच जीप काढायला लावली. गावाच्या अलीकडे ओढा होता. तिथं ते ड्रायव्हरला म्हणाले, "गाडी इथंच ठेवा." मी चिडलेच. सलाईनची पेटी, ब्लीचिंग पावडरची पिशवी आणि घोट्यापर्यंत चिखल. माझी एक चप्पल चिखलानं गिळलीच. "साहेब, गाडी गावात जाते की!" मी म्हटलं. ते म्हणाले, "गाडी जाते हो. पण मग माणसं सापडत नाहीत."

खरंच होतं. नसबंदीच्या दिवसांत अशाच सरकारी जीपा गावांत शिरायच्या आणि माणसं भरून ऑपरेशनच्या कॅम्पात न्यायच्या. त्याला फार वर्षं झाली नव्हती. जीपचा आवाज आला की गडीमाणसं अजूनही संत्र्याच्या बगिच्यांत पळायची.

गावात सगळे म्हणाले, इथं कोणी बिमार नाही. दारं अर्धी लावलेली, आतून कण्हण्याचा आवाज, आणि दारातला माणूस सांगतोय की कोणी बिमार नाही! विहिरीवर मी पावडरची पिशवी उघडली तर एका बाईनं बादली मागे ओढली. "हे पानी पिलं का पोरं होत नाई म्हन्तात. खरं का जी?"

मला हसू आलं. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की ते तिथंच जिरलं. "हसू नका, सिस्टर. त्यांनी हे उगाच नाही म्हटलं." मग तिला समजावून सांगितलं, हे फक्त पाण्यातले जंतू मारतं, पोराबाळांशी याचा संबंध नाही. तिला पटलं की नाही कोण जाणे. पण जाताजाता ती खालच्या आवाजात म्हणाली, "बगिच्यातल्या झोपडीत एक बाई हाये. कालपासून बोलून नाई राहिली."

संत्र्याच्या झाडांमधून आम्ही गेलो. झोपडीच्या दारात एक माणूस कुऱ्हाड घेऊन उभा होता. बगिच्यात मजुरी करणारा, तिशी-पस्तिशीचा. मी पुढे होऊन "जय भीम, दादा" म्हटलं. त्यानं जय भीम घातला, पण त्याची नजर माझ्यावर नव्हतीच. तो साहेबांकडे बघत होता.

"शाळेतल्या कॅम्पात तुमीच होते ना?" त्यानं विचारलं.

मी साहेबांना डोळ्यांनी खुणावलं, नाही म्हणा. आत त्याची बायको गोधडीवर पडलेली दिसत होती. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. मला तिचं मनगट हवं होतं, बाकी सगळं नंतर. एका खोट्यानं दार उघडणार असेल तर माझी हरकत नव्हती.

"हो," साहेब म्हणाले. "मीच होतो."

"मी नाई म्हनत होतो."

"आठवते मले. दोघांनी तुम्हाले धरलं होतं. तुम्ही नाही म्हणून राहिले होते आणि मी ऑपरेशन केलं."

साहेबांच्या तोंडून आमची बोली मी पहिल्यांदा ऐकली. दवाखान्यात ते पुस्तकासारखं बोलायचे. ते हात, ते विचारणं, आम्ही केलेली थट्टा, सगळं एकदम कळलं आणि माझी मलाच लाज वाटली. पण लाज वाटायलाही वेळ नव्हता.

"एकच पोरगी झाली होती आमाले," तो माणूस म्हणाला. "थे तापानं गेली. मंग दुसरं नाई झालं." त्यानं कुऱ्हाड वर केली नाही, पण मूठ इतकी घट्ट होती की बोटं पांढरी पडली होती. "आता इलेबी न्याले आले का?"

"न्यायचं नाही. इथंच सलाईन लावतो. नाही लावलं तर त्या आज जातील, हे मले पक्कं माहीत हाये. लावलं तर वाचतील का, हे माहीत नाही." साहेब जागचे हलले नव्हते. "तेव्हा तुम्हाले विचारलं नव्हतं. आज यांना विचारून राहिलो. विचारू का?"

मला ओरडावंसं वाटत होतं. आत एक बाई डोळ्यांदेखत सुकत चालली होती आणि बाहेर दोन पुरुष एकमेकांकडे बघत उभे होते. शेवटी तो दारातून बाजूला सरकला, अगदी थोडा, एक माणूस अंग चोरून जाईल एवढा.

साहेब उंबऱ्याशीच बसले. हात पाठीमागे. "बाई, हात लावू का?"

ती हलली नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. मी मनात बुद्धवंदनेतलं येईल ते म्हणत होते. मग गोधडी हलली. तिनं आपला हात बाहेर काढला आणि आमच्याकडे सरकवला.

पुढचं सगळं घाईचं. शीर सापडेना. मी दोनदा टोचलं, दोनदा हुकलं, घामानं डोळे चुरचुरायला लागले. साहेबांनी घोट्यापाशी शीर शोधली. बाटली टांगायला झोपडीत खिळा नव्हता, आडव्या बांबूला हात लावला तर तो वाकला. साहेबांनी त्या माणसाकडे बाटली धरली. ती उंच धरून ठेवायची म्हणजे हात मोकळे हवेत. त्यानं एकदा बायकोकडे पाहिलं, कुऱ्हाड भिंतीला टेकवली आणि बाटली घेतली.

दुपारभर तो तसाच उभा होता. हात भरून आला की दुसऱ्या हातात घ्यायचा. मी धरते म्हटलं तर मान हलवायचा. एक बाटली संपली, दुसरी लावली, तिसरी लावली. साहेब एका बाजूला आणि तो दुसऱ्या बाजूला, मध्ये ती.

उन्हं कलल्यावर तिला लघवी झाली. तुम्ही नाक मुरडाल, पण हैज्याच्या पेशंटला लघवी होणं म्हणजे काय ते आम्हा नर्सेसना विचारा. मी लहान पोरीसारखी ओरडले, "झाली, साहेब, झाली!" त्या माणसाला आधी काही कळेना. कळलं तेव्हा तो बाटलीसकट खाली बसायला लागला आणि मी त्याच्यावर खेकसले, "वर धरा ती!"

मग तो गावात गेला. आम्ही त्याच्या मागून सामान घेऊन चाललो होतो. घरोघरी तो एवढंच सांगत होता, "डाक्टर तोच हाये. पन इचारून राहिला." अर्धी लावलेली दारं पूर्ण उघडली. अंधार पडेपर्यंत समाजमंदिरात आणि शाळेत मिळून आमचे पेशंट मावेनात. पावडर टाकायला त्याच विहिरीवरच्या बाईनं मला बादली दिली.

साथ ओसरल्यावर वरच्या साहेबांनी मीटिंग घेतली. लोक अडाणी आहेत, दवाखान्यात येत नाहीत, असं तिथं सगळे म्हणत होते. आमचे साहेब उठून म्हणाले, "ते आपल्याला उगाच भीत नाहीत. आपणच त्यांना भ्यायला लावलं. मी स्वतः लावलं." कोणाला आवडलं नाही. त्यांची बदली झाली.

परवा, कोरोना सरल्यानंतर, नर्सिंगच्या मुलींनी मला बोलावलं होतं. साथीच्या काळात मोठ्या अधिकाऱ्यानं कसं वागावं, यावर बोला म्हणाल्या. मला भाषण येत नाही. मी त्यांना साहेबांची गोष्ट सांगितली आणि खाली बसले. ते आता नाहीत. असते तर म्हणाले असते, सिस्टर, जरा ब्रेक लावा.

बदली होऊन ते निघाले त्या दिवशी सौंसरच्या स्टँडवर आम्ही दवाखान्यातले चार-सहा लोक होतो. छिंदवाड्याची गाडी लागली होती. गर्दीतून तो माणूस आला, बायकोला घेऊन. ती पुढे आली, साहेबांना हात जोडले. तो मात्र खांबापाशीच थांबला. साहेब स्वतः त्याच्याकडे गेले.

"मी माफ नाई केलं तुमाले," तो म्हणाला.

"नका करू," साहेब म्हणाले. "पाणी तेवढं उकळून प्या."

गाडी सुटली. वळणावर दिसेनाशी झाली तरी तो हलला नाही. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अहो दादा, माफ नाही केलं तर मग आले कशाले?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी काहीतरी वेड्यासारखं विचारलं होतं.

"पोचवाले," तो म्हणाला.