शेळके म्हणाला, ठीक आहे

पलटणीतून निवृत्त होऊन मी कतारला आलो तेव्हा वर्ल्ड कपची तयारी जोरात होती. अल खोरला एका स्टेडियमच्या साइटवर मी सिक्युरिटी सुपरवायझर होतो. बॅज तपासायचे, गाड्यांच्या डिक्क्या उघडायला लावायच्या, कुणाच्या शब्दावर विसंबायचं नाही. संशय घेणं हा माझा स्वभावच, आणि तिथे त्याचाच पगार मिळायचा.

एका शुक्रवारी शेजारच्या समीर देशपांडेकडे नाश्त्याला गेलो. हा पुण्याचा, गॅस प्लांटमध्ये इंजिनीअर. सुट्टीत बायको मंजिरीला घेऊन लडाखला जाणार होता. तिथल्या एका उंच तळ्यापर्यंतचा एका दिवसाचा ट्रेक त्याने मोबाइलवर दाखवला. खाली लिहिलं होतं, 'मॉडरेट'. बोलता बोलता तो खोकला आणि मंजिरीने ऐकलं की काय, म्हणून चटकन किचनकडे बघितलं. एसीचा खोकला आहे, जाईल, खलास, म्हणाला. मला ते बघणं आवडलं नाही. मग मी त्याला शेळकेची हकिगत सांगितली.

आमच्या पोस्टच्या वर असंच एक तळं होतं. गस्त सकाळी निघायची, तळ्याला वळसा घालून अंधाराच्या आत परत. नाईक शेळके माझा बडी, म्हणजे त्याच्यावर नजर मी ठेवायची आणि माझ्यावर त्याने. चालण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्या दिवशी मात्र पहिल्याच हॉल्टला त्याने आपले शंकरपाळे मला देऊन टाकले. शेळके आणि खाणं सोडतो? मी बघत राहिलो. पुढे चढावर तो सारखा बुटाची लेस बांधायला वाकू लागला. लेस सुटलेली नव्हती. तो दम घेत होता. उंचावरच्या विरळ हवेत छातीत पाणी भरतं, त्याची सुरुवात अशीच होते.

मी सुभेदार साहेबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "शेळके, छातीत काही?"

"ठीक आहे, साहेब."

"खोकला?"

"नाही, साहेब."

तो खोटं बोलत होता, आणि का, तेही मला ठाऊक होतं. आजारी म्हणून रिपोर्ट झाला असता तर हॉस्पिटल, आणि सुट्टी लांबणीवर. गावी त्याच्या मुलीचं बारसं त्याच्यासाठी थांबवलेलं होतं. थोडं पुढे गेल्यावर मी पुन्हा साहेबांना गाठलं. त्यांनी गस्त थांबवली. पण तोवर तळं समोर आलं होतं आणि शेळके बसल्या जागी धापा टाकत होता. ओठ निळे पडले होते.

साहेबांनी रेडिओवर पोस्टला कळवलं, "एक कॅज्युअल्टी. खाली आणतोय. ओव्हर."

आळीपाळीने पाठीवर घेऊन उतरलो. माझ्या पाठीवर असतानाच त्याचा श्वास थांबला.

समीरने मोबाइल खिशात टाकला. मग हसून म्हणाला, मोरे साहेब, मी फिट आहे. माझा विश्वास बसला नाही. निघताना मी मंजिरीला दारात गाठलं.

"वहिनी, तो ठीक आहे म्हणेल. ऐकू नका. ताटात काय उरतं ते बघा."

लडाखहून तिचा फोन आला. वाटेत समीरने पराठा तसाच ठेवला, आणि तिने त्याला तिथूनच मागे फिरवलं. खाली डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, आता बरा होता. तळं बघायला मिळालं नाही म्हणून बायकोवर फुगून बसला होता. फोन ठेवल्यावर मला रडू आलं.

शेळकेने मुलीचं नाव मनाशी ठरवून ठेवलं होतं. मी कितीदा विचारलं, पण बारशालाच सांगीन म्हणायचा. मुलगी आता कॉलेजात जाते. घरच्यांनी ठेवलेलं नाव चांगलंच आहे. त्याच्या मनातलं कोणतं होतं, ते कुणालाच कळलं नाही.