बादशाही चाल

मुरुडात त्यांना पाशामियाँ असं कुणी म्हणत नाही. लहानथोर सगळ्यांचे ते पाशाचाचा. बारीक अंगाचे, पांढऱ्या दाढीचे, आणि काखेत कापडी पिशवीत गुंडाळलेली क्लॅरनेट. मी त्यांच्याविषयी लिहायला बसले आहे ती गुण गायला नाही. रागानं बसले आहे. पुनमच्या लग्नाला वर्ष होत आलं तरी माझा राग उतरलेला नाही, आणि तो उतरावा असं मला वाटतही नाही.

आधी माणूस कोण ते सांगते. पाशाचाचांचे वडील हैदराबादला निजामाच्या पलटणीच्या बँडमध्ये होते. मिसरूड न फुटलेलं पोरगं, मागच्या रांगेत उभं राहणारं. बाकीच्यांपुढं इंग्रजी सुरांचे कागद असायचे. यांना कागद वाचता यायचा नाही, म्हणून कानानं उचलायचे. निजामाचं राज्य गेलं, पलटण मोडली आणि ते नातेवाइकांच्या आधारानं मुरुडला आले. येताना एक क्लॅरनेट आणली आणि बोटांत बसलेल्या काही इंग्रजी चाली. इथं त्यांनी लग्नाचा बँड उभा केला. लोकांना सिनेमाची गाणी हवी होती, तेव्हा त्या इंग्रजी चाली एकेक करून मागं पडल्या. एक मात्र टिकली. तिचं नाव ‘बादशाही’.

आमच्याकडं लग्नाआधी परण्या निघतो. नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या देवळात जातो, नारळ फोडतो आणि तिथून मांडवाकडं येतो. जाताना पोरं धिंगाणा घालतात. पण देवळापासून मांडवापर्यंतचा शेवटचा टप्पा बादशाहीचा. नाच बंद, आरडाओरडा बंद. घोड्यापुढं बँड सावकाश पावलं टाकत चालणार, मागं सगळं वऱ्हाड तसंच संथ. आधी वडिलांनी वाजवली, मग पाशाचाचांनी. डीजे आला तरी एवढा टप्पा लोकांनी डीजेला दिला नाही. लग्न लागलं का, असं विचारायच्या ऐवजी ‘बादशाही झाली का?’ असं विचारणारी माणसं मी पाहिली आहेत. माझं लग्न त्याच चालीवर लागलं. माझ्या थोरल्या बहिणीचंही, आणि तिचे सासरे गुरुलिंगआप्पा नि सासू साखराबाई यांचंही.

आता पुनमचं लग्न. पुनम माझ्या बहिणीची मुलगी. बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे शिवप्रसाद दाजी, गावातलं वजनदार माणूस. वऱ्हाड नायगावहून आलेलं. परण्या देवळातून निघाला, बादशाही सुरू झाली, आम्ही बायका मांडवाच्या दारात आरतीचं ताट घेऊन उभ्या. नवरदेवाचा चुलतभाऊ अमरेश, पुण्याला कंपनीत नोकरीला असलेला, मोबाइल उंच धरून चालला होता. कुठलंही गाणं ऐकवलं की त्याचं नाव सांगतं असलं काहीतरी त्या मोबाइलमध्ये असतं. त्यानं ते लावलं, बघितलं, थांबला आणि बँडच्या वर आवाज काढून नवरदेवाच्या बापाला म्हणाला,

"काका, हे फ्युनरल म्युझिक आहे. प्रेतयात्रेचं. हँडेल म्हणून कंपोझर आहे, त्याचं."

त्या मेल्याला वाटलं असेल, केवढा शोध लावला. घोडा थांबला. नायगावची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. कुणीतरी म्हणालं, अपशकुन झाला, नवरदेवाला परत देवळात न्या. आणि दाजी, ज्यांनी आयुष्यात कधी कुणाचं ऐकून घेतलं नाही, ते व्याह्यासमोर घाबरले. घाबरलेला माणूस आपल्याहून गरीब कोण आहे ते आधी शोधतो.

"पाशा! बंद कर ते! माझ्या लेकीच्या दारात मयत वाजवायलास का?"

"आप्पा, ही बादशाही हाय. तुमच्या बी लग्नात हीच..."

पुढचं बोलू दिलं नाही. दाजींनी क्लॅरनेटला हात घातला आणि हिसडा मारला. ती रस्त्यावर पडली, वरची एक कळ वाकली. पाशाचाचा खाली बसून ती उचलायला लागले, तर दाजींनी त्यांच्या खांद्याला धक्का दिला. सत्तरीचा माणूस डांबरावर आडवा झाला. पाशाचाचांच्या बँडमधल्या एकानंही तोंड उघडलं नाही, कारण तोंड उघडलं तर पुढं काय होतं ते त्यांना ठाऊक आहे.

मी ताट कुणाच्या तरी हातात कोंबलं आणि रस्त्यावर गेले. "दाजी, लाज वाटू द्या! तुमी सोता याच चालीवर मांडवात आलाव. मेलाव का तवापासून?"

बहिणीनं मला दंडाला धरून आत ओढत नेलं. आत साखराबाई पाटावर बसल्या होत्या. म्हाताऱ्या, ऐकायला कमी येणाऱ्या. "बादशाही का थांबली गं?" असं त्या प्रत्येकीला विचारत होत्या. नवरदेव डीजेवर मांडवात आला आणि लग्न लागलं.

एवढ्यावर मिटलं असतं तरी मी गिळलं असतं. पण दुसऱ्या दिवसापासून मोबाइलवर निरोप फिरायला लागले. आधी थट्टा, मग हिशेब: अमक्याची सून नांदली नाही, तमक्याचा जावई अपघातात गेला, सगळ्यांच्या लग्नात हीच चाल होती. अरे, गावातल्या प्रत्येकाच्या लग्नात तीच होती! मग जे सुखानं नांदतायत त्यांचं काय? आणि मग ज्याची मला भीती होती ते आलंच. ‘मुद्दाम वाजवत होते. आपल्या पोरांच्या लग्नात मयत वाजवून मनात हसत होते.’ हे लिहिणारा माझा विद्यार्थी. चौथीत माझ्या वर्गात होता. मी त्याला फोन लावून जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही. त्यानं फोन ठेवला आणि निरोप तसाच पुढं गेला. लग्नसराई सुरू असताना पाशाचाचांचा बँड घरात बसला. ठरलेल्या सुपाऱ्या लोकांनी निरोप पाठवून मोडल्या. तोंडानं सांगायला एकही आला नाही.

मी मास्तरीण. कुणी काही सांगितलं की स्वतः बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. बसले, आणि मिळेल ते वाचलं. हा हँडेल जर्मनीत जन्मला. बाप न्हावी आणि जखमा शिवणारा वैद्य, दोन्ही. पोरानं वकीलच व्हावं असा त्याचा हट्ट. लातुरात पोरगं डॉक्टरच व्हावं म्हणून त्याला शिकवणीत डांबणारे बाप आहेत ना, तसलाच. पोरगं माळ्यावर चोरून वाजवायचं, अशी गोष्ट सांगतात. पुढं तो इटलीत शिकला, लंडनला स्थायिक झाला. राजाच्या नौकाविहाराला त्यानं संगीत दिलं, राजाच्या आतषबाजीला दिलं. उतारवयात डोळे अधू झाले, त्यात एका भोंदू डॉक्टरनं हात घातला आणि होती ती नजरही गेली, तरी तो वाजवत राहिला. आमची बादशाही त्याच्या एका मोठ्या संगीतकथेतली निघाली. एक राजा आणि त्याचा मुलगा लढाईत पडतात, तेव्हा वाजणारी. अमरेशचं खरं होतं.

पण पुढचं वाचून मात्र मला चेव चढला. हा हँडेल स्वतः एकच चाल दोन-दोन ठिकाणी वापरायचा. तरुणपणी नाचासाठी बांधलेली एक चाल त्यानं पुढं कैदेत रडणाऱ्या बाईच्या तोंडी घातली आणि ती जगभर गाजली. ज्यानं चाली बांधल्या त्याला त्यांचा विटाळ नव्हता. आणि ही मयताची चालसुद्धा रडक्या सुरांत बांधलेली नाही. आनंदाच्या चाली ज्या उजळ सुरांत बांधतात त्यातच आहे. म्हणून तर दोन पिढ्या कुणाच्या मनात काही आलं नाही. गोऱ्यांनी तिच्यावर मेलेली माणसं नेली, आम्ही नवरदेव आणले. यात कुणाच्या बापाचं काय गेलं?

हे सगळं घेऊन मी पाशाचाचांच्या घरी गेले. ते ओट्यावर बसून वाकलेली कळ सरळ करत होते. मी सांगत गेले, ते मान न उचलता ऐकत गेले. मग म्हणाले, "अब्बा सांगायचे, कोण्या बड्या साहेबाची सवारी निघाली व्हती. गाडीवर फुलं, मागं रिकामा घोडा, शिपाई दबकत पाय टाकायचे. अब्बा मागच्या रांगेत. गाडीत काय हाय ते तेंना दिसलंच नसंल." कळ फिरवून बघत त्यांनी विचारलं, "तो राजा कोण म्हन्लाव?"

"शौल. त्याच्यामागून दावीद गादीवर बसला."

"दाऊद." त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. "मग तो तालूत. आमच्यात तेला तालूत म्हणतात. बादशाह व्हता बाई तो." आणि आत बघून बायकोला मोठ्यानं म्हणाले, "जोहरा, ऐकलीस का? अब्बानं नाव बराबर ठिवलं व्हतं."

त्यांचा आनंद बघून मला रडू येण्याऐवजी जास्तच चीड आली. दाजींच्या मांडवातली माणसं सुखानं जेवून ढेकर देऊन गेली होती आणि हा माणूस एवढ्याशा गोष्टीवर समाधान मानत होता.

थंडीत गुरुलिंगआप्पा गेले. भरल्या वयाचं मरण. आमच्यात मयताला बसवून, सजवून, वाजत-गाजत नेतात. अंगणात तयारी चाललेली, आणि दाजी माझ्याजवळ आले. "आरती, पाशाकडं चल. तुझं ऐकतोय तो."

मला वाटलं, बापाच्या मरणानं माणूस नरमला, माफी मागणार. गाडीत बसल्यावर कळलं. त्या चालीवर इंग्लंडात मोठमोठ्या माणसांना निरोप देतात, हे कुणीतरी दाजींना दाखवलं होतं. आता त्यांना बापाच्या मयतीला तीच हवी होती! सहा-सात महिन्यांपूर्वी जी चाल अभद्र होती ती आता इभ्रतीची झाली.

आम्हाला ओट्यापाशी बघून पाशाचाचा उठून उभे राहिले. गुरुलिंगआप्पा गेल्याचं ऐकून त्यांनी डोळे पुसले. दाजी म्हणाले, "झालं गेलं सोडून दे पाशा. ती बादशाही वाजवायची हाय. आता तिच्या योग्य जागी वाजव."

"न्हाई आप्पा."

"का? मयताचीच हाय की ती."

"तिकडं आसंल. मुरुडात ती परण्याची हाय." त्यांचा आवाज चढला नाही. "गुरुलिंगआप्पाला माझ्या बापानं तिच्यावर मांडवात नेलं, तुमाला मी नेलं. आज मयताला वाजिवली म्हंजे तुमी रस्त्यावर म्हन्लाव ते खरं व्हतंय. आमी तुमच्या लग्नात मयत वाजिवली, आसं मी माझ्या तोंडानं कबूल केल्यावाणी व्हतंय. खांदा द्यायला येतो. बाजा न्हाई आणत."

दाजी गाडीत जाऊन बसले. पाशाचाचा आमच्या मागून चालत आले आणि अंगणात कडेला, मोकळ्या हातांनी उभे राहिले.

दाजी हार मानणारे नव्हेत. त्यांनी डीजेवाल्याला सांगितलं आणि त्यानं मोबाइलवरून तीच चाल लावली, लंडनच्या कुठल्याशा मोठ्या वाद्यवृंदाची. सुरुवातीलाच दातांच्या पेस्टची जाहिरात वाजली. मग ढोल घुमला आणि सूर आले. आमच्यापेक्षा कितीतरी संथ, पण तीच. दाजींनी हात जोडले.

साखराबाई गुरुलिंगआप्पांच्या पायाशी बसल्या होत्या. सकाळपासून त्या रडल्या नव्हत्या की बोलल्या नव्हत्या. स्पीकर जवळच होता, म्हणून त्यांनाही ऐकू आलं. त्यांनी मान वर केली, इकडंतिकडं बघितलं, कडेला उभे असलेले पाशाचाचा त्यांना दिसले. त्यांच्या रिकाम्या हातांकडं त्या बघत राहिल्या.

"हे कोन वाजवायलंय? पाशा तर हितं हाय."

मग त्या लेकावर ओरडल्या, त्यांना तसं ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. "शिवप्रसाद, बंद कर ते! ती माझ्या लग्नाची हाय. मयतीला वाजवायला तुला लाज न्हाई वाटत?"

दाजींनी स्वतः जाऊन स्पीकर बंद केला. पाशाचाचा पुढं आले आणि खांद्याला जागा मागितली. कुणी नाही म्हणालं नाही. माफी मात्र दाजींनी त्या दिवशीही मागितली नाही, आणि आजतागायत मागितलेली नाही.