पदराखालचे हात

नात प्रवासाला निघताना हातांना सनस्क्रीन चोळते, तेव्हा मला लखनौचा जून आठवतो.

लग्नासाठी मला दाखवायला आई मानक नगरहून अलीगंजला नेत होती. सायकलरिक्षात सावलीची बाजू तिने मला दिली. "तोंड झाक, काळवंडशील," म्हणत वाटभर माझ्यावर ओला पदर धरून बसली. पदर वाटेतच वाळला. तिचे हात मात्र उन्हात करपले.

मुलाच्या आईने मला पाहिलं, मग कप धरलेले आईचे हात. "अच्छा, म्हणजे मुलगी पुढे आईसारखीच दिसायची."

आईने कप खाली ठेवला आणि हात पदराखाली घेतले. त्यानंतर आईने चारचौघांत हात कधी पदराबाहेर काढले नाहीत. शेवटच्या आजारात नर्सने सुईसाठी हात मागितला, तेव्हाही तिने आधी मलाच विचारलं, "बाहेर काढू का गं?"