सासऱ्यांची घंटा

झाशीच्या लक्ष्मी ताल या तळ्याकाठच्या देवळात एक अनोळखी माणूस रोज दिसायचा. इंटरनेटवर सगळे मिळून ज्ञानकोश लिहितात, त्यात तो या देवळाबद्दल लिहीत होता. नकार देण्याआधी चष्मा पुसायचा.

मी म्हटलं, “भैया, ही घंटा आमच्या सासऱ्यांनी दिली, तेवढं लिहा.”

त्याने चष्मा पुसला. “कुठे छापलंय का? पुराव्याशिवाय लिहिलेलं बाकीचे काढून टाकतात. माझं तीनदा काढलं.”

मी गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत लेख लिहून छापून आणला.

पुन्हा चष्मा. “काकू, हा तर सुनेचाच लेख. घरच्यांचं धरत नाहीत.”

“झाशीतली मराठी घरं सगळी एकमेकांची सोयरी. परके तुम्हीच. तुम्ही छापा.”

“माझंच छापलेलं मला पुरावा म्हणून देता येत नाही.”

इतका प्रामाणिक माणूस मी पाहिला नव्हता. इतका निरुपयोगीही.