महिनाभराची सावली

मातालेनाचे डोळे बिघडले ते विणकामानं, असं सगळे म्हणत. कोरडे पडलेले, वाळू गेल्यासारखे खुपणारे, पापण्यांच्या कडा लालभडक. सामोआ सोडून ब्रिस्बेनजवळ लेकीकडे आली तरी केवड्याच्या पातीचे दोऱ्याएवढे बारीक पट्टे विणायचं तिनं सोडलं नव्हतं. तिथंच राहणारा भाऊ इओसुआ आजारी पडला तेव्हा त्याच्यासाठीची मानाची चटई तिनं कशीबशी पुरी केली. भाऊ गेला की बहिणीनं ती उलगडून, दोन्ही हातांनी धरून, सगळ्यांसमोर अंगणातून चालत न्यायची असते. नातीच्या लग्नाची चटई मात्र अर्ध्यावर अडली, आणि तीच तिला रात्रंदिवस टोचत होती.

दवाखान्यात म्हणे नवं यंत्र आलं होतं. डोळे झाकून गालांवर उजेडाचे झटके देतात, पापण्यांतल्या तेलाच्या तुंबलेल्या ग्रंथी मोकळ्या होतात. लेकीनं, लूपेनं, फोन लावून आईच्या हातात दिला.

"कातडी उन्हानं रापलीय का?" पलीकडून विचारलं.

"नाही हो," मातालेना म्हणाली. ती जन्मली तशीच सावळी होती.

"मग महिनाभर उन्हात जाऊ नका. एक दिवस गेलात तरी महिना पुन्हा पहिल्यापासून मोजायचा."

ती हो म्हणाली. डॉक्टर असो की पाद्री, मोठ्या माणसाला एकदा हो म्हटलं की प्रश्न विचारायचे नाहीत, अशीच ती वाढली होती.

त्याच महिन्यात इओसुआ गेला. चटया वाहण्याचा विधी भर दुपारी, उघड्या हिरवळीवर.

"आई, जा तू. डोळ्यांचं नंतर बघू," लूपे म्हणाली.

"लग्न तोंडावर आलंय. आणि शब्द दिलाय मी."

"छत्री धरते मी."

"भावाची चटई छत्रीखालून नेतात का गं? लोक काय, तोच उठून विचारेल."

तिची चटई वहिनीनं नेली. मातालेना गाडीत, काळ्या काचांमागे बसून राहिली. डोळे असे की वहिनी कुठली आणि चटई कुठली, तेही नीट दिसलं नाही. रडायला आसवंही धड येईनात. तिला स्वतःची लाज वाटली, आणि ती नंतरही गेली नाही.

ठरल्या दिवशी दवाखान्यातल्या गोऱ्या पोरीनं कातडीच्या रंगछटांची एक पट्टी तिच्या गालाशी धरली, मग आत गेली. डॉक्टर बाहेर आले. माणूस गोड होता. असे लोक गोडच असतात.

"आजी, हा उजेड गडद कातडीत मुरतो. भाजेल तुम्हाला. हे यंत्र तुमच्यासाठी नाही."

"पण मी उन्हात गेले नाही."

"उन्हाचा प्रश्न नाहीये."

"मग फोनवर का नाही विचारलंत?" लूपे कडाडली.

"विचारलं होतं की," पोरगी म्हणाली, "रापलीय का म्हणून."

"खोटं नाही बोलले मी," मातालेना हळूच म्हणाली.

डॉक्टरांनी गरम फडक्यानं पापण्या शेकायला सांगितलं. ते ती दोन वर्षं करतच होती.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. लूपेनं सवयीनं छत्री उघडली. मातालेनानं ती तिच्या हातातून घेतली, मिटली आणि विचारलं, "आता कुणासाठी?"

मग ती उभ्या गाड्यांच्या मधून, चटई धरावी तसे रिकामे हात पुढे धरून, सावकाश चालत गेली.