घरचं काही घेता का?

सासूबाईंचं ब्लडप्रेशर गोळ्या वाढवूनही उतरत नव्हतं. त्या दिवशी दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “आजी, गोळ्यांशिवाय घरचं काही घेता का?”

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. आधीच्या डॉक्टरांनी काढ्याचं नाव काढताच त्यांना झिडकारलं होतं.

“सांगा ना, मी रागावणार नाही.”

“खोकल्यासाठी ज्येष्ठमधाचा काढा घेते. रोज.”

बाईंनी लगेच खालच्या मजल्यावर बसणाऱ्या वैद्यांना फोन लावला. रोजच्या ज्येष्ठमधाने प्रेशर चढतं, यावर दोघांचं एकमत झालं. वैद्यांनी त्याऐवजी अडुळसा सुचवला आणि बाईंनी तो मान्य केला. पुढे प्रेशर उतरलं, वाढवलेली गोळीही बंद झाली.

जगभर कितीतरी घरांत गोळ्या आणि काढे एकाच फडताळात असतात. माणसाच्या शरीरात त्यांची गाठ पडतेच. मग ते देणाऱ्यांचीही पडायला हवी, आणि ती पडेल, असं मला आता ठामपणे वाटतं.

सासूबाई हल्ली दवाखान्यात निघताना काढ्याची बाटलीही पिशवीत घेतात, गोळ्यांच्या शेजारी, उघडपणे.